गर्भवतीचा फळांचा रस आणि बाळाची बुद्धी

बंगळुरू : घरात नवा पाहुणा येणार अशी चाहूल लागली, की भावी मातेच्या हातात फळांच्या रसाचा पेला ठेवला जातो. महाराष्ट्रात डोहाळजेवणाची, तर कर्नाटकात सीमंताची प्रथा आहे आणि दोन्ही प्रसंगी ओटीत फळे असतातच. बंगळुरू शहरात बागायतदारांच्या 'हॉपकॉम्स' या सहकारी संस्थेची विक्री केंद्रे जागोजागी आढळतात. या संस्थेची स्थापना १९५९ मध्ये झाली. शहराच्या आसपास पिकणारे 'बंगलोर ब्ल्यू' हे काळे द्राक्ष प्रामुख्याने रसासाठीच ओळखले जाते आणि २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. रस येथे मुबलक आहे आणि तो पौष्टिक आहे, याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही.

गेल्या काही वर्षांत या जुन्या समजुतीला एक नवे अस्तर लागले आहे. गर्भवतीने रस घेतला तर बाळाचे अंगच भरते असे नव्हे, तर त्याची बुद्धीही तल्लख होते, असे आता सांगितले जाते. या विधानाला विज्ञानाचा काही आधार आहे. परंतु तो आधार किती भक्कम आहे, आणि भारतीय मातेच्या संदर्भात तो कितपत लागू पडतो, याचे उत्तर शोधू गेल्यास वाट कॅनडातून निघून पुन्हा बंगळुरूलाच येऊन पोहोचते.

एडमंटनचा अभ्यास

या चर्चेचा आरंभ २०१६ मध्ये झाला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे मेंदुविकारतज्ज्ञ फ्रान्स्वा बोल्डक आणि बालरोगतज्ज्ञ पियुष मंधाने यांच्या गटाने 'ईबायोमेडिसिन' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एडमंटन शहरातील ६८८ बालकांची माहिती त्यात तपासण्यात आली होती. गर्भारपणात ज्या मातांनी अधिक फळे किंवा फळांचा रस घेतला, त्यांची मुले एक वर्षाची झाली तेव्हा आकलनविषयक चाचणीत सरस ठरली. दिवसाला सहा ते सात वाढपे फळे वा रस घेणाऱ्या मातांच्या बाळांचे गुण सरासरीने सहा ते सात अंकांनी अधिक होते. ज्या मापनात सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असते, त्यात हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कुटुंबाचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण यांसारख्या गोष्टींचा हिशेब करूनही हा संबंध टिकला, असे संशोधकांनी नमूद केले. आणखी एक बाब लक्षवेधी होती. जन्मानंतर बाळाला स्वतःला फळे भरवल्याने मात्र असा फरक दिसून आला नाही. म्हणजे जे काही घडत होते ते गर्भाशयात घडत होते.

तथापि हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून निसटली. अधिक फळे खाणारी स्त्री अनेकदा अधिक चालते, वेळेवर झोपते, नियमित तपासणी करून घेते आणि घरी तिची काळजी घेणारे कोणी तरी असते. यातले सर्वच घटक आकडेवारीच्या चाळणीतून वेगळे काढता येत नाहीत. संशोधकांनाही याची जाणीव होती, आणि म्हणूनच त्यांनी या निष्कर्षाची पडताळणी अगदी वेगळ्या जीवावर करण्याचे ठरवले. तो जीव म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिमुकली फळमाशी.

फळमाशी आणि बंगळुरू

फळमाशीला शिकवता येते, हे अनेकांना नवल वाटेल. एका गंधाबरोबर विजेचा सौम्य झटका द्यायचा, दुसऱ्या गंधाबरोबर द्यायचा नाही. नंतर दोन्ही गंध समोर ठेवून माशी कोणती वाट धरते ते पाहायचे. अमेरिकेतील सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत १९७४ मध्ये माशा अशा रीतीने गंध लक्षात ठेवतात हे सिद्ध झाले, आणि पुढे स्मरणशक्तीशी निगडित जनुकांचा माग त्यातूनच लागला. बोल्डक यांच्या गटाने माशांच्या आहारात संत्र्याचा व टोमॅटोचा रस मिसळला. प्रजननाच्या काळात हा आहार मिळालेल्या माशांची संतती शिकण्यात आणि लक्षात ठेवण्यात पुढे असल्याचे त्यांना आढळले. पुढे २०२० मध्ये याच विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगात, गर्भावस्थेत रसाचा लाभ मिळालेल्या नर पिलांच्या स्मरणशक्तीत सुधारणा दिसली.

फळमाशीच्या या विद्येशी बंगळुरूचे नाते जुने आहे. बेंझर यांच्यासमवेत काम केलेले ओबेद सिद्दिकी यांनी १९७० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माशीच्या चव व गंध या संवेदनांचा अभ्यास सुरू केला. व्हेरोनिका रॉड्रिग्ज या त्यांच्या विद्यार्थिनीने गंध ओळखू न शकणाऱ्या माशांचे वाण शोधून काढले. पुढे सिद्दिकी यांच्या पुढाकाराने बंगळुरूत कृषी विज्ञान विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. माशीचा मेंदू गंध कसा ओळखतो आणि त्या अनुभवाने कसा बदलतो, या विषयाची एक मोठी परंपरा या केंद्रात निर्माण झाली. रॉड्रिग्ज यांचे २०१० मध्ये आणि सिद्दिकी यांचे २०१३ मध्ये निधन झाले.

माशीवरील प्रयोगाचे मोल इतकेच, की रस आणि शिकणे यांच्यात एखादी जैविक साखळी असू शकते हे त्यातून सूचित होते. माशीला नाळ नसते, गर्भाशय नसते आणि गर्भकालीन मधुमेहही नसतो. मानवी मातेच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दाच कळीचा ठरतो. मंधाने यांनीही अभ्यास प्रसिद्ध करतानाच गर्भवतींनी रसाचे प्रमाण बेसुमार वाढवू नये, कारण त्यामुळे गर्भकालीन मधुमेह आणि बाळाचे वजन अवाजवी वाढण्याचा धोका संभवतो, असा इशारा दिला होता. मथळ्यांत तोही आला नाही.

पेल्यात नेमके काय असते?

संत्र्याच्या २०० मिलिलिटर रसात साधारणपणे १६ ते २० ग्रॅम साखर असते. ती फळाची नैसर्गिक साखर असली, तरी रस काढताना चोथा बाजूला पडतो आणि साखर रक्तात वेगाने उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फळांच्या रसातील साखरेची गणना 'मुक्त साखरे'त केली आहे. अख्ख्या फळातील साखरेची नाही. मुक्त साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, आणि शक्यतो ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम असावी, असे संघटना सांगते. संत्र्याच्या एका मोठ्या पेल्यातच ही मर्यादा जवळपास गाठली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही रसापेक्षा अख्खे फळ खावे असाच सल्ला आहे.

दुसऱ्या बाजूला रसात फोलेट, क जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि वनस्पतीजन्य संरक्षक द्रव्ये असतात. फोलेट गर्भाच्या मज्जासंस्थेच्या अगदी आरंभीच्या घडणीसाठी अत्यावश्यक आहे. गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच मज्जानलिका बंद होते आणि तेव्हा अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत हेही ठाऊक नसते. म्हणून फोलिक आम्लाची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यावी असे सांगितले जाते. पाचव्या महिन्यात सुरू केलेला रस या टप्प्यासाठी निरुपयोगी ठरतो.

साखर आणि बुद्धी यांच्या संबंधावर अमेरिकेतील बॉस्टन परिसरात झालेल्या 'प्रोजेक्ट व्हिव्हा' या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हजाराहून अधिक माता आणि मुले होती. गर्भारपणात साखर आणि गोड शीतपेये अधिक घेणाऱ्या मातांच्या मुलांचे बौद्धिक चाचण्यांतील गुण कमी होते. मुलांनी स्वतः फळे खाण्याचा चांगल्या गुणांशी संबंध दिसला, पण फळांच्या रसाचा तसा संबंध दिसला नाही. एडमंटन आणि बॉस्टन यांचे म्हणणे येथे पूर्णपणे जुळत नाही. पहिला अभ्यास एक वर्षाच्या बाळांचा, दुसरा शाळेच्या वयापर्यंत पोहोचलेल्या मुलांचा. शिवाय पहिल्यात फळे आणि रस एकाच रकान्यात मोजले गेले. रसाच्या नावावर जमा झालेले श्रेय कदाचित फळाचे असावे, असे मानण्यास येथे जागा आहे.

मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा एक प्रयोग डाळिंबाचा आहे. गर्भाची वाढ खुंटल्याचे निदान झालेल्या मातांना उत्तर गर्भारपणात रोज डाळिंबाचा रस किंवा त्यासारखे दिसणारे पेय देऊन अमेरिकेतील सेंट लुईस येथे पाहणी करण्यात आली. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळांच्या मेंदूच्या एकूण आकारात फरक आढळला नाही. श्वेत द्रव्याच्या सूक्ष्म रचनेत आणि मेंदूच्या भागांमधील जोडणीत मात्र रस घेतलेल्या गटात अनुकूल खुणा दिसल्या. सहभागी मातांची संख्या शंभराहूनही कमी होती आणि संशोधकांनी स्वतःच या प्रयोगाला प्राथमिक म्हटले आहे. सोलापूर, सांगोला, नाशिक पट्ट्यातील भगव्या डाळिंबाच्या बागायतदारांना या बातमीने आनंद होणे स्वाभाविक आहे. पण निरोगी गर्भवतीच्या बाळाला डाळिंबाच्या रसाने लाभ होतो, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

कोरमंगल्यातील गोळी

आता बंगळुरूकडे वळू. शहराच्या कोरमंगला भागातील सेंट जॉन्स संशोधन संस्थेत गर्भवतींच्या पोषणावर दोन दशकांहून अधिक काळ सातत्याने काम झाले आहे. पोषणतज्ज्ञ अनुरा कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. या संस्थेला सतावणारा प्रश्न रसाचा नव्हता. तो ब-१२ या जीवनसत्त्वाचा होता.

ब-१२ केवळ प्राणिज पदार्थांतून मिळते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत ते असते. फळांत नसते, भाज्यांत नसते आणि रसाच्या कितीही पेल्यांत नसते. मेंदूतील तंतूंभोवती जे संरक्षक वेष्टण तयार होते, त्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. शाकाहारी कुटुंबांत, आणि दूधही जेमतेम परवडणाऱ्या घरांत, त्याची उणीव मोठ्या प्रमाणावर आढळते. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी, त्यांच्या गर्भाची वाढ खुंटण्याचा धोका अधिक, असे या संस्थेने २००६ मध्येच दाखवून दिले होते.

त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने येथे एक नियंत्रित चाचणी घेण्यात आली. त्यात ३६६ गर्भवती सहभागी झाल्या. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन समान गट पाडण्यात आले. एका गटाला रोज ५० मायक्रोग्रॅम ब-१२ ची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषधविरहित गोळी. लोह व फोलिक आम्ल दोन्ही गटांना मिळत होते. चौदाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली गोळी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत चालू राहिली. आरंभी यांतील निम्म्याच्या आसपास स्त्रियांमध्ये ब-१२ ची कमतरता होती, ही बाब स्वतःच बोलकी आहे.

२०१४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या निष्कर्षांनुसार गोळी घेतलेल्या मातांच्या रक्तात, त्यांच्या दुधात आणि बाळांच्या रक्तातही ब-१२ चे प्रमाण वाढले. मग मुलांची बुद्धी? नऊ महिन्यांच्या वयात दोन्ही गटांतील बाळांच्या चाचण्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. अडीच वर्षांच्या वयात, २०१९ च्या अहवालानुसार, गोळी घेतलेल्या मातांची मुले शब्दांतून व्यक्त होण्याच्या चाचणीत किंचित पुढे होती. इतर बाबतींत दोन्ही गट सारखेच होते.

हा निकाल ज्यांना चमत्काराची अपेक्षा होती त्यांना फिका वाटेल. तरीही कॅनडातील अभ्यासाहून त्याचे वजन वेगळे आहे. येथे कोणाला काय मिळेल हे त्या स्त्रीच्या आवडीवर, शिक्षणावर किंवा ऐपतीवर अवलंबून नव्हते. त्यामुळे जो फरक दिसला तो गोळीमुळे, असे म्हणण्यास अधिक आधार मिळतो. अडीच वर्षांचे मूल थोडे अधिक शब्द बोलू लागते, इतका माफक पण तपासून पाहिलेला लाभ. आणि त्यासाठी लागलेली वस्तू रसाच्या एका पेल्याहून कितीतरी स्वस्त.

पुणे, म्हैसूर, मुंबई

याच प्रश्नावर महाराष्ट्रातही मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्या मातांच्या आहारात अधिक वेळा होते त्यांची बाळे जन्मतः मोठी होती, असे २००१ मध्ये त्यातून पुढे आले. शेतात राबणाऱ्या या स्त्रियांची फळे म्हणजे पेरू, बोरे, केळी. रसाचे यंत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. हीच मुले नऊ वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आईच्या रक्तात गर्भारपणी ब-१२ फारच कमी होते ती मुले एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे असल्याचे २००८ मध्ये नोंदवण्यात आले. पुढील पिढीवर झालेल्या 'प्रिया' या चाचणीत किशोरवयापासून ब-१२ मिळालेल्या मुलींची स्वतःची बाळे दोन वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्या आकलनात आणि भाषेत सुधारणा दिसली. हा अहवाल २०२१ चा आहे.

म्हैसूरचे उत्तर मात्र निराळे आले. तेथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची नऊ ते दहाव्या वर्षी बौद्धिक चाचणी घेतली असता, गर्भारपणी आईच्या रक्तात फोलेट जितके अधिक तितके मुलांचे गुण चांगले, असे २०१० मध्ये आढळले. ब-१२ शी तसा संबंध तेथे दिसला नाही. फोलेट फळांतूनही मिळते, त्यामुळे रसाचे समर्थक या निष्कर्षाचा आधार घेऊ शकतील. आणखी विशेष म्हणजे, गर्भकालीन मधुमेह असलेल्या मातांच्या मुलांची बुद्धी मंद असेल हा अंदाजही म्हैसूरमध्ये खरा ठरला नाही. उलट काही चाचण्यांत ती मुले सरस होती. मधुमेह बहुधा सुस्थितीतील, शिकलेल्या स्त्रियांमध्ये अधिक आढळत असावा, हे त्याचे एक संभाव्य कारण. अर्थात मधुमेहाचे बाकीचे धोके, म्हणजे अवघड प्रसूती आणि आई व मूल दोघांनाही पुढे मधुमेह जडण्याची शक्यता, यामुळे कमी होत नाहीत. बंगळुरूच्या सरकारी रुग्णालयांतून गिरिधर बाबू यांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये सुरू झालेला 'मास्ती' हा अभ्यास नेमक्या याच प्रश्नाचा, म्हणजे मातेच्या रक्तशर्करेचा आणि बाळाच्या अंगावरील चरबीचा पाठपुरावा करण्यासाठी आखण्यात आला.

मुंबईत २००६ पासून झोपडवस्तीतील ६ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेली चाचणी या सर्वांत मोठी म्हणावी लागेल. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून बनवलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून रोज देऊ केला. दुसऱ्या गटाचा खाऊ बटाटा, कांदा यांसारख्या भाज्यांचा होता. बाळाच्या वजनावर एकूण परिणाम अपेक्षेपेक्षा कमी झाला. ज्या माता कृश नव्हत्या त्यांच्यातच तो दिसला. पण गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांपर्यंत खाली आले. फळ दूध आणि भाजी यांच्या संगतीने, चोथ्यासह, पोटात गेले तर मधुमेह घटतो. तेच फळ पिळून, वर साखर घालून दिले तर काय होईल, याचा वेगळा प्रयोग करण्याची गरज कोणाला भासली नसावी.

गोळीच्या पाकिटाचा प्रश्न

या सर्व संशोधनाचा सरकारी धोरणावर काय परिणाम झाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त असल्याचे आढळले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात गर्भवतींसाठी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल अशी गोळी निश्चित करण्यात आली. त्या गोळीत ब-१२ नव्हते.

वरकरणी किरकोळ वाटणारी ही त्रुटी बंगळुरूतील संशोधकांच्या दृष्टीने गंभीर आहे. फोलेट आणि ब-१२ ही शरीरात जोडीने काम करतात. ब-१२ अपुरे असताना फोलिक आम्लाचा भरपूर पुरवठा झाला, तर दोहोंचा तोल बिघडतो. अशा स्त्रियांची बाळे गर्भावस्थेच्या मानाने लहान जन्मण्याचे प्रमाण अधिक असल्याचे सेंट जॉन्सच्या गटाने २०१३ मध्ये नोंदवले. पुण्याचा गटही अनेक वर्षे हेच सांगत आला आहे. शाकाहाराचे प्रमाण मोठे असलेल्या देशात फोलिक आम्ल सर्वांना आणि ब-१२ कोणालाच नाही, ही रचना कशी समर्थनीय ठरते, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. ब-१२ चा बुद्धीवरील परिणाम सर्वत्र सारखा दिसलेला नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु निम्म्या स्त्रियांत एखाद्या जीवनसत्त्वाची उणीव असेल, तर ती भरून काढण्यासाठी मुलांच्या गुणपत्रिकेची वाट पाहण्याचे कारण नसावे.

गरीब घरांसाठी कर्नाटक सरकारने २ ऑक्टोबर २०१७ रोजी 'मातृपूर्ण' योजना सुरू केली. अंगणवाडीत गर्भवतींना गरम जेवण, त्याबरोबर दूध आणि अंडी असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्रातील आदिवासी भागांसाठी २०१५ मध्ये आलेली अमृत आहार योजनाही याच धर्तीची. त्यात अंड्याला पर्याय म्हणून केळी ठेवण्यात आली. येथे एक सूक्ष्म अडचण आहे. अंड्याऐवजी केळे घेणाऱ्या स्त्रीला उष्मांक मिळतात, ब-१२ मिळत नाही. शाकाहाराचा मान राखायचा तर दूध वा दही हा अधिक योग्य पर्याय ठरतो.

चवीची आठवण

रसाचा बाळाच्या वर्तनावर काही परिणाम होतो का, या प्रश्नाचे एक निर्विवाद म्हणता येईल असे उत्तर उपलब्ध आहे, आणि ते बुद्धीविषयी नसून जिभेविषयी आहे. अमेरिकेतील ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही गर्भवतींनी शेवटच्या तिमाहीत तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस गाजराचा रस घेतला. पुढे त्यांच्या बाळांना वरचे अन्न सुरू झाले, तेव्हा गाजराची चव असलेली लापशी खाताना त्यांनी तोंडे कमी वेंगाडली. आईच्या आहारातील स्वाद गर्भजलात उतरतो आणि बाळ तो ओळखू लागते. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाने २०२२ मध्ये ध्वनिचित्रणाद्वारे याची पुढची पायरी टिपली. मातेने गाजराची पूड असलेली कुपी घेतली असता गर्भाच्या चेहऱ्यावर हसऱ्या मुद्रेशी साम्य असलेले, तर केल या कडवट पालेभाजीची कुपी घेतली असता रडव्या मुद्रेशी साम्य असलेले भाव दिसले. मेथी आणि कारले नाकारणाऱ्या मुलांच्या आयांना हे संशोधन काही सुचवून जाईल.

समजुती आणि लेबले

फळांभोवतीच्या समजुती मात्र अजूनही संशोधनापेक्षा वरचढ आहेत. काळी द्राक्षे किंवा जांभळे खाल्ल्यास बाळ सावळे होते, हा समज दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही आढळतो. त्याला कसलाही आधार नाही. गर्भाचा वर्ण आईवडिलांच्या जनुकांवर ठरतो. ज्या शहराच्या नावाने काळे द्राक्ष ओळखले जाते त्याच शहरात गर्भवतीच्या ताटातून ते वगळले जावे, हा विरोधाभास आहे. पपईविषयीची भीती कच्च्या पपईच्या चिकापुरती मर्यादित आहे. पिकलेल्या पपईने अपाय होत असल्याचा पुरावा नाही.

उलट ज्या धोक्याची चर्चा कमी होते तो रस्त्यावरील रसाचा आहे. बर्फ आणि पाणी कोठून आले हे ठाऊक नसलेल्या पेल्यातून कावीळ संभवते. यांतील ई प्रकारची कावीळ गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत जिवावर बेतू शकते. बाळाच्या बुद्धीच्या चिंतेने आणलेला पेला आईच्याच यकृतावर उठावा, असे प्रकार डॉक्टरांना नवीन नाहीत.

खोक्यातील रस या बाबतीत सुरक्षित असला तरी त्याच्या जाहिरातींवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये हस्तक्षेप करावा लागला. आटवलेल्या अर्कात पाणी मिसळून बनवलेल्या रसाच्या वेष्टनावर 'शंभर टक्के फळांचा रस' असा दावा करता येणार नाही, असा आदेश प्राधिकरणाने काढला. त्याच वर्षी ब्रिटनमधून आलेल्या एका अभ्यासाने साखरेचा प्रश्न आणखी मागे, गर्भारपणापर्यंत नेऊन पोहोचवला. दुसऱ्या महायुद्धामुळे लागू झालेले तेथील साखरेचे नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. गर्भावस्थेत आणि बालपणाच्या पहिल्या वर्षांत ज्यांच्या वाट्याला साखर मोजून आली, त्यांच्यात उतारवयात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता, असे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मग गर्भवतीने रस घ्यावा की नाही? आहारतज्ज्ञांचे सर्वसाधारण म्हणणे असे, की घरी स्वच्छतेने काढलेला, साखर न घातलेला लहानसा पेला अधूनमधून घेण्यास हरकत नाही. रक्तशर्करा वाढलेली असल्यास मात्र डॉक्टरांना विचारावे. लोहाची गोळी चहाऐवजी लिंबूपाण्याबरोबर किंवा पेरूच्या चार फोडींबरोबर घेतल्यास लोह अधिक शोषले जाते, आणि हा फळांचा लाभ रोजच्या रोज, कमी खर्चात घेता येतो. गर्भकालीन मधुमेहाची तपासणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेऊन केली जाते. सरकारी केंद्रांतही तिची तरतूद आहे. ब-१२ ची पातळी सांगणारी तपासणी मात्र गर्भवतींच्या नेहमीच्या चाचण्यांच्या यादीत नाही. ती हवी असल्यास स्वतः मागून घ्यावी लागते.